बळ सामायिक, जाब कुणाला?

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्या कराराचे पाचवे कलम जगप्रसिद्ध आहे. सभासदांपैकी एकावर सशस्त्र हल्ला झाला तर तो सर्वांवर झाला असे मानायचे, असा त्याचा आशय. नाटो या नावाने आपण ओळखतो त्या लष्करी संघटनेचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. २०२३ साली फिनलंड आणि २०२४ साली स्वीडन आत आल्यावर तिच्या सभासदांची संख्या बत्तीस झाली. वाक्य साधे आहे आणि त्यात एक प्रकारची शराफतही आहे. दुबळ्या शेजाऱ्याला ‘तुझ्या दारावर कोणी चालून आले तर आम्ही धावून येऊ’ असे सांगणे कोणत्याही समाजात चांगुलपणाचेच लक्षण मानले जाते. परंतु या वाक्याला दुसरी एक बाजू आहे आणि ती करारात कुठेच लिहिलेली नाही. एकावर झालेला हल्ला सर्वांवर झाला असे मानायचे असेल, तर एकाने केलेला हल्ला सर्वांनी केला असे का मानायचे नाही?

आपल्याकडे नाटोचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, ही मुसलमानांच्या मुळावर उठलेली फौज आहे. दुसरा म्हणतो, जगात थोडीफार शिस्त आहे ती यांच्यामुळेच. आम्हांला दोन्ही सूर आळशीपणाचे वाटतात. याच संघटनेची विमाने १९९९ साली कोसोवोतील अल्बानियन मुसलमानांना वाचवण्यासाठी अठ्ठ्याहत्तर दिवस उडत होती आणि प्रिस्टिनाच्या रस्त्यांवर लोकांनी तिच्या सैनिकांचे फुलांनी स्वागत केले होते. तुर्कस्तान १९५२ पासून तिचा सभासद आहे, अल्बानिया २००९ पासून. आणि याच संघटनेच्या झेंड्याखाली अफगाणिस्तानात आणि लिबियात जे घडले तेही खरे आहे. तेव्हा शिव्याशाप आणि आरती दोन्ही बाजूला ठेवून हिशेब तपासला पाहिजे.

पाचवे कलम आजवर एकदाच अमलात आले, १२ सप्टेंबर २००१ रोजी. युरोपातील छोट्या देशांना धीर यावा म्हणून दिलेला शब्द पहिल्यांदा वापरला गेला तो सभासदांमधल्या सर्वांत बलाढ्य देशासाठी. नाटोची सात टेहळणी विमाने अमेरिकेच्या आकाशात गस्त घालायला गेली. पुढे २००३ च्या ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानातील आंतरराष्ट्रीय फौजेचे नेतृत्व नाटोकडे आले, आणि उत्तरेकडचा कुंदुझ प्रांत जर्मन तुकडीच्या वाट्याला आला.

त्या कुंदुझमध्ये ४ सप्टेंबर २००९ च्या मध्यरात्री जे घडले ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण आमचा सगळा प्रश्न त्या एका रात्रीत सामावलेला आहे. रमजानचा महिना होता. तालिबानने नाटोच्या पुरवठ्यासाठी निघालेले तेलाचे दोन टँकर पळवले होते आणि नदी ओलांडताना ते वाळूत रुतून बसले. ओझे हलके करावे म्हणून म्हणा की लोकांना खूष करावे म्हणून म्हणा, तेल वाटायला सुरुवात झाली. आसपासच्या गावांतील माणसे आणि पोरे डबे-कॅन घेऊन नदीवर आली. फुकटचे तेल म्हटल्यावर कोणत्या गावातील माणसे जाणार नाहीत? जर्मन तळावरच्या कर्नलला भीती वाटली की हे टँकर चालते बाँब म्हणून आपल्याच तळावर येतील. त्याच्याकडे स्वतःची लढाऊ विमाने नव्हती. म्हणून त्याने अमेरिकेची मागवली. ती मिळावीत यासाठी शत्रूशी आपल्या सैनिकांची चकमक चालू असल्याचे कळवण्यात आले. प्रत्यक्षात नदीवर एकही जर्मन सैनिक नव्हता. जमलेले सगळे बंडखोरच आहेत, हा निरोप एका अफगाण खबऱ्याचा, आणि तोही फोनवरून आलेला. अमेरिकन वैमानिकांनी सुचवले की आधी खालून एक घिरटी घालून लोकांना पांगवू या. कर्नलने नको म्हटले. दोन बाँब पडले. मृतांचा आकडा आजही वादात आहे, पण तो शंभराच्या आसपास मानला जातो आणि त्यांत गावकरी मोठ्या संख्येने होते.

आता हात मोजू या. खबर अफगाण माणसाची, हुकूम जर्मन अधिकाऱ्याचा, विमान आणि वैमानिक अमेरिकेचे, झेंडा नाटोचा, आणि फौजेला परवानगी संयुक्त राष्ट्रांची. यांतला प्रत्येक जण खरे बोलत म्हणू शकतो की मी एकट्याने काही केले नाही. वैमानिकाने हुकूम पाळला. कर्नलने मिळालेल्या खबरीवर विश्वास ठेवला. जर्मनीच्या सरकारी वकिलांनी २०१० साली चौकशी बंद केली. मंत्री आणि सेनाप्रमुखांना पदे सोडावी लागली, पण ती मुख्यतः माहिती दडवल्यावरून, बाँब टाकल्यावरून नव्हेत. मृतांच्या कुटुंबांना पाच पाच हजार डॉलर देण्यात आले आणि ही मदत आहे, दोषाची कबुली नव्हे, असे बजावण्यात आले. दियत म्हणतात ती ही नव्हे. दियतीत आधी ‘माझ्या हातून झाले’ हे मान्य करावे लागते. नातेवाईक न्यायालयात गेले. २०१६ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने भरपाईचा दावा फेटाळला. २०२१ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीने केलेली चौकशी पुरेशी होती असा निकाल दिला. दोन मुलगे गमावलेला एक बाप बारा वर्षे एका दारातून दुसऱ्या दारात जात राहिला.

नीतिशास्त्रात या अडचणीला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हणतात. डेनिस थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासकाने १९८० साली तो त्या नावाने मांडला. काम जितक्या जास्त हातांतून जाते तितका प्रत्येक हाताचा वाटा लहान दिसू लागतो, आणि शेवटी एवढी मोठी गोष्ट घडूनही कोणाचाच वाटा शिक्षेइतका उरत नाही. बारभाईंच्या खेतीत पीक कोणाचे यावरून भांडण होते. इथे उलट आहे. पीक सगळ्यांचे आणि तण मात्र बेवारस.

हा प्रश्न १९८० साली जन्मला असे मात्र नाही. हजरत उमर यांच्या खिलाफतीत येमेनमधील सना शहरी काही जणांनी मिळून एका माणसाचा दगाफटका करून खून केला. पाच की सात, याबद्दल रिवायतींत फरक आहे. एका जिवाच्या बदल्यात इतक्यांना सजा कशी द्यायची, असा पेच होता. हजरत उमर यांचा निवाडा असा होता की सगळे सना शहर जरी यात सामील असते तरी आपण सगळ्यांना जबाबदार धरले असते. बहुसंख्य फकिहांनी तो मानला, आणि त्यांचा युक्तिवाद आजच्या कोणत्याही कायदेपंडिताने लक्षात घ्यावा असा आहे. हातांच्या संख्येने दोष वाटला जाऊ लागला, तर ज्याला कोणाला खून करायचा आहे तो सोबतीला चार जण घेईल आणि निर्धास्त होईल. हनफी फिक्हमध्ये ‘कसामत’ आहे, तीही याच रोखाची. एखाद्या मोहल्ल्यात प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर मोहल्ल्यातील पन्नास जणांनी कसम खायची आणि दियत मोहल्ल्याने भरायची. (शाफई मत याहून वेगळे आहे, हे कोकणातील वाचकांना सांगायला नको.) खुनी सापडला नाही म्हणून मेलेल्याचे रक्त वाया जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. तेराशे वर्षांपूर्वीची शिक्षा आज तशीच लागू करा असे आमचे म्हणणे नाही. पण ‘आम्ही पुष्कळ जण होतो’ ही सबब एके काळी गुन्हा वाढवणारी मानली जात होती आणि आज ती गुन्हा विरघळवणारी ठरते, हा फरक नजरेआड करण्यासारखा नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच असेल, की अनेक हात नसते तर काय झाले असते तेही पाहा. पाहू या. जुलै १९९५, स्रेब्रेनिका. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ जाहीर केलेले बोस्नियातील गाव, रक्षणाला डच सैनिकांची तुकडी. हवाई हल्ला करायचा तर दोन किल्ल्या लागत: एक संयुक्त राष्ट्रांची, एक नाटोची. बँकेच्या लॉकरसारखी व्यवस्था, दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या तरच दार उघडणार. डच तुकडीने पुन्हा पुन्हा विमाने मागितली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. ११ जुलैला अखेर विमाने आली, थोडे बाँब पडले, आणि ओलीस धरलेल्या डच सैनिकांना मारण्याची धमकी येताच सगळे थांबले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. ऑगस्टच्या शेवटी नाटोने सर्ब ठाण्यांवर जोरदार हल्ले केले आणि वर्ष संपण्यापूर्वी युद्ध थांबले. म्हणजे बळ होते. जुलैतही होते.

म्हणून नाटो बरखास्त करा, सगळ्यांनी तलवारी म्यान करा असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्हांला उभे राहता येत नाही. स्रेब्रेनिकाच्या आया त्या रांगेत नसतील. अनेक हातांनी केलेल्या पापाइतकेच अनेक हातांनी न केलेले कर्तव्यही बेवारस राहते, हे त्या गावाने दाखवून दिले. फर्जे किफायाचे तत्त्व आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते: काही जणांनी पार पाडले तर सगळे सुटले, कोणीच पाडले नाही तर सगळे गुन्हेगार. त्यातला दुसरा अर्धा भाग आंतरराष्ट्रीय कायद्यात अजून पुरता शिरलेला नाही.

थोडासा शिरला आहे, हेही नोंदवायला हवे. २०१३ साली नेदरलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली होते म्हणून डच सरकार सुटत नाही. एकच कृत्य एकाच वेळी दोघांचे असू शकते. डच तळावरून बाहेर काढल्या गेलेल्या तीन जणांच्या मृत्यूसाठी सरकार जबाबदार ठरले. २०१९ साली त्याच न्यायालयाने आणखी साडेतीनशे पुरुषांबाबत सरकारची जबाबदारी ठरवली आणि तिचे प्रमाण लावले दहा टक्के. त्यांना तळातच राहू दिले असते तर ते वाचण्याची शक्यता दहा टक्के होती, असे गणित. खालच्या न्यायालयाने हाच आकडा तीस टक्के धरला होता. या टक्केवारीवर हसावे की रडावे कळत नाही. पण आम्ही तिला तुच्छ लेखणार नाही. दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्या न्यायालयाने हा आकडा काढला त्याने निदान एका देशाच्या नावापुढे तो लिहिला.

लिबियात तेवढेही झाले नाही. २०११ च्या मार्च ते ऑक्टोबर या काळात नाटोच्या विमानांनी सुमारे सव्वीस हजार उड्डाणे केली. तेव्हाच्या अठ्ठावीस सभासदांपैकी प्रत्यक्ष बाँब टाकणारे मोजकेच होते. बाकीचे तळ देत होते, इंधन देत होते किंवा नुसतीच मान डोलावत होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१२ साली पाच हल्ल्यांत साठ नागरिक ठार झाल्याची नोंद केली. कोणता बाँब कोणत्या देशाच्या विमानातून पडला हे मात्र नाटोने सांगितले नाही, आणि देशांनी नाटोकडे बोट दाखवले. सुरमान येथे २० जून २०११ रोजी एका घरावरील हल्ल्यात बारा जण गेले, त्यांत पाच लहान मुले. या हल्ल्यात आपल्या विमानांचाही भाग होता हे डेन्मार्कने मान्य केले ते २०२४ साली उजेडात आले, तेही पत्रकारांनी जुनी कागदपत्रे मागून घेतली म्हणून. दाद मागायची कुणाकडे, हे त्या घरातील उरलेल्या माणसांना कळायला बारा वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

हे सगळे मागचे झाले. आम्हांला अधिक काळजी वाटते ती पुढच्याची. २०२५ च्या जूनमध्ये हेग येथे भरलेल्या परिषदेत सभासदांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणावर लावण्याचे ठरवले. त्यांतले साडेतीन टक्के निखळ लष्करी खर्चासाठी, दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींसाठी. स्पेनने कुरकुर केली, बाकीच्यांनी सह्या केल्या. रशियाने २०२२ साली युक्रेनवर केलेली चढाई पाहता पूर्वेकडच्या छोट्या देशांची भीती खोटी म्हणता येत नाही. (भीती आतूनही येऊ शकते. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या निर्वाचित अध्यक्षांनी ग्रीनलंडसाठी लष्करी बळाचा वापर होणारच नाही असे सांगायला नकार दिला, आणि ग्रीनलंड तर सभासद डेन्मार्कचे. भावकीनेच बांध कोरला तर काय करायचे, याबाबत पाचवे कलम मुके आहे.)

पण पैशापेक्षा महत्त्वाचे आहे ते सामायिक सामर्थ्य. एकेका देशाला परवडत नाही ते सर्वांनी मिळून घ्यायचे आणि मिळून वापरायचे, ही दिशा जुनी आहे आणि ती आता वेग घेते आहे. जर्मनीतील गाइलेनकिर्खेन तळावरची टेहळणी विमाने अनेक देशांचे कर्मचारी एकत्र चालवतात, आणि त्यांची नोंदणी आहे लक्झेंबर्गची. ज्या देशाकडे स्वतःचे हवाई दल नाही त्याच्या नावावर ही सगळी विमाने! बेनामी खरेदीखत आपल्याकडेच होते असे नाही. इटलीच्या सिगोनेला तळावर नाटोची पाच मोठी मानवरहित टेहळणी विमाने आहेत, पंधरा देशांनी मिळून घेतलेली. हंगेरीतील पापा येथे बारा देशांनी भागीत घेतलेली तीन अवाढव्य मालवाहू विमाने आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक तास येतात. काटकसर म्हणून हे उत्तमच आहे. फक्त एवढेच की यंत्र सामायिक झाले की यंत्राने पाहिलेले आणि सांगितलेलेही सामायिक होते. उद्या सिगोनेलाच्या विमानाने टिपलेल्या चित्रावरून तिसऱ्याच देशाच्या तोफेने भलत्याच घरावर मारा केला, तर पंधरा मालकांपैकी कोणाच्या दारावर थाप मारायची?

यात आता संगणकाची बुद्धी आली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये नाटोने पॅलंटिर या अमेरिकन कंपनीची एक प्रणाली घेतली. उपग्रह, ड्रोन, रडार आणि हेर यांच्याकडून येणारा माहितीचा पूर एकत्र करून लक्ष्ये हेरायला सेनापतींना मदत करणे हे तिचे काम. कुंदुझच्या रात्री निदान एक खबऱ्या होता, एक कर्नल होता, आणि घिरटी घालू का असे विचारणारा एक वैमानिक होता. तिघेही माणसे होती. त्यांना विचारता येत होते, आणि चौकशीत विचारलेही गेले. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कथेत ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला हे सांगता येते, कारण कागद आहे, अक्षर आहे आणि खोडणारा हात आहे. जिथे हजारो आकड्यांच्या बेरजेतून ‘मा’ आपोआप उमटतो तिथे रामशास्त्र्यांनी कोणाला उभे करायचे? नाटोने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये या तंत्रासाठी सहा तत्त्वे स्वीकारली. त्यांत जबाबदारी आणि उत्तरदायित्व हे एक आहे, निर्णयाचा माग काढता यावा हे आणखी एक. तत्त्वे चांगली आहेत. पण उत्तरदायित्व कोणाचे, बत्तिसांचे, वापरणाऱ्या एकाचे, की कंपनीचे, हे त्या तत्त्वांच्या भाषेतून ठरत नाही.

यावर दिला जाणारा जबाब आम्हांला माहीत आहे. सगळ्यांना सगळ्यासाठी जबाबदार धरले तर कोणी कोणाच्या मदतीला फौज धाडणारच नाही. मित्रोविकाच्या खटल्यात २००७ साली स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने साधारण अशीच चिंता व्यक्त केली होती. कोसोवोतील मित्रोविकाच्या टेकडीवर २००० सालच्या मार्चमध्ये मुले खेळत होती. १९९९ च्या मोहिमेतील न फुटलेले छोटे बाँब तिथे पडून होते. एक मुलगा मेला, त्याच्या भावाची दृष्टी गेली. भागाची जबाबदारी फ्रेंच फौजेकडे होती म्हणून बापाने फ्रान्सविरुद्ध दावा लावला. न्यायालय म्हणाले, सुरुंग काढण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या कक्षेतले, आणि संयुक्त राष्ट्रांना या न्यायालयात खेचता येत नाही. दावा दाखलच झाला नाही.

फौजा येणार नाहीत ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. स्रेब्रेनिकानंतर ती कोणाला नेता येईल? पण पाच टक्क्यांचा हिशेब २०३५ पर्यंत मांडता येतो, कोणाच्या किती तोफा आणि किती रणगाडे हे ठरवता येते, तर त्याच बैठकीत आणखी काही गोष्टीही ठरवता येतील. हल्ल्यात नागरिक मेले तर विमान कोणत्या देशाचे होते हे ठरावीक मुदतीत जाहीर करणे. चौकशी हुकूम देणाऱ्या देशाने एकट्याने न करता ती करणारे एक कायम मंडळ ठेवणे. आणि भरपाईसाठी सर्वांच्या वर्गणीचा निधी, कसामतीतल्या मोहल्ल्यासारखा. याची सुरुवात कधी झालीच नाही असेही नाही. २०१० साली अफगाणिस्तानात नागरिकांना द्यायच्या रकमांबाबत सभासदांनी काही मार्गदर्शक सूत्रे मान्य केली होती. ती बंधनकारक नव्हती, आणि प्रत्येक देश आपापल्या नियमाने पैसे देत राहिला. २०१६ साली वॉर्सा येथे नागरिकांच्या रक्षणाचे धोरणही मंजूर झाले. पाया आहे, भिंत नाही.

नेदरलँडने तो दहा टक्क्यांचा निकाल अखेर अमलात आणला. त्या साडेतीनशे पुरुषांच्या वारसांसाठी समिती नेमली गेली. विधवेला पंधरा हजार युरो आणि इतर जवळच्या नातलगांना दहा हजार, असे ठरले. ११ जुलै २०२२ रोजी पोतोचारीच्या कबरस्तानात डच संरक्षणमंत्री उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्रेब्रेनिकाच्या नातेवाइकांची माफी मागितली. सत्तावीस वर्षे झाली होती. ऐकायला आलेल्या आयांपैकी बऱ्याच जणी तोवर काठी टेकत चालत होत्या.